पाणी ओतून वास जातो, पण टिकत नाही

नहाणीतून गटाराचा वास येतो त्यावर कोणीतरी लिहिलंय की तिथे तांब्याभर पाणी ओता, वास जातो. बरोबर आहे, पण ते बंद असलेल्या घराला, जिथे ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला पाईपच्या वाकात साठून राहणारं पाणी सुकलेलं असतं. आमच्याकडे सिंक रोज वापरात, तरी सकाळी ओट्याजवळ गटाराचा भपकारा. कारण नंतर कळलं, वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की आमच्या सिंकमधून गुडगुड आवाज यायचा. पाईपमधून एकदम लोंढा खाली गेला की मागे हवा कमी पडते आणि ती ओढ ट्रॅपमधलं दोनेक इंच पाणीच खेचून नेते, मग वासाला आडकाठी कसली.

प्लंबरने सिंकखाली ट्रॅपच्या पुढे पाईपला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एअर व्हॉल्व बसवला, मुठीएवढं प्लॅस्टिकचं टोपण, आत रबराची चकती. ओढ लागली की चकती उचलते, खोलीतली हवा आत जाते, ओढ थांबली की स्वतःच्या वजनाने बसते आणि आतली घाण हवा बाहेर येत नाही. तो सरळ उभाच हवा आणि ट्रॅपपेक्षा निदान 4 इंच वर. आमच्या प्लंबरने आधी आडवा लावला होता, शहाणाच. आणि भिंतीत चिणू नका, हवाही मिळत नाही आणि रबर कडक झालं की बदलता येत नाही. तळमजलावाल्यांनी मात्र यावर पैसे घालू नयेत, तिथे बहुतेक वेळा खालून दाब येऊन ट्रॅपमध्ये बुडबुडे येतात, हा व्हॉल्व फक्त हवा आत घेतो, दाब बाहेर सोडत नाही. त्याला गच्चीपर्यंत नेलेला व्हेंट पाईपच (हवा जा-ये करायचा उघडा पाईप) लागतो, आणि आधी बघा त्याच्या तोंडात कबुतराने घरटं केलंय का.