गोल्फमध्ये मदत हवी आहे: सरावाच्या रेंजवर नवा स्विंग, कोर्सवर पुन्हा जुनाच

उजव्या हाताने खेळतो, हँडिकॅप 19 (म्हणजे मध्यम पातळीचा खेळाडू). डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब (काठी) खाली आणताना, खांदे घाई करतात, क्लब बाहेरून आत येतो आणि चेंडू उजवीकडे वळतो. ही खोड मोडायला घेऊन सात आठवडे झाले.

ग्रिप आणि उभं राहणं प्रशिक्षकांनी तपासलंय, तिथे गडबड नाही. चेंडूच्या पलीकडे, किंचित मागे हेडकव्हर (क्लबच्या डोक्याचं आवरण) ठेवून 7 नंबरच्या आयर्न क्लबने अर्धे स्विंग मारतो. आधी दहातल्या सात वेळा हेडकव्हरच उडायचं, आता क्वचित. घरी रोज पंधरा मिनिटं चेंडूशिवाय, अगदी संथ. मागून व्हिडिओही काढतो.

पण पहिल्या टीवर (खेळाच्या सुरुवातीच्या जागी) ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, हातात आला, उजवीकडे पाणी दिसलं, की हात जुन्याच वाटेने! चुकून नवा स्विंग लागलाच तर चेंडू डावीकडे हुक. स्कोअर तर आधीपेक्षा वाईट. (सोबतचे गालात हसतात, ते वेगळंच.)

रेंजवर आठवड्यातून दोनदाच जमतं, शिकवणी महिन्यातून एकदा. क्लब बदलायचे नाहीत.

ज्यांनी हा बदल पार पाडलाय त्यांना विचारतो: मधल्या काळात राउंड खेळणं थांबवलंत का? आणि अर्ध्या स्विंगवरून पूर्ण वेगावर जायची वेळ आली, हे कशावरून ठरवलंत?