मिररलेस घेताना आधी लेन्सचा विचार

विषय: मिररलेस कॅमेरा घ्यावा का?

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून निकॉनचा लहान सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या भागाचा) डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, आहे. त्यासोबत आलेली १८-५५ मिमी झूम, नंतर घेतलेली ५० मिमी एफ/१.८ (एफचा हा आकडा जितका लहान, तितका लेन्स जास्त प्रकाश आत घेते) आणि वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याची, हाताने फोकस करावी लागणारी एक जुनी निकॉन लेन्स एवढे साहित्य आहे. घरच्या माणसांचे आणि प्रवासातील फोटो मी काढतेच, पण अलीकडे मंडळाच्या कार्यक्रमांत रंगमंचावरील फोटो काढण्याची विशेष आवड लागली आहे. आता मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा, घ्यावा असे मनात आहे. मात्र फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, घ्यावा की लहान सेन्सरचाच, जुन्या लेन्सेस ठेवाव्यात की विकून टाकाव्यात, आणि मुळात या बदलाने फोटोंमध्ये फरक पडतो का, याचा उलगडा होत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी होईन.

आपली,
एक सभासद

---

विषय: उत्तर – मिररलेस कॅमेरा घ्यावा का?

सप्रेम नमस्कार.

मी हौशी छायाचित्रकार आहे, व्यावसायिक नाही, त्यामुळे पुढील मते त्याच दृष्टीने वाचावीत. आपला प्रश्न कॅमेऱ्याविषयी असला तरी मी आधी लेन्सविषयी लिहितो. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, काही वर्षांनी बदलली जाते, पण एकदा एखाद्या माउंटच्या (कॅमेऱ्यावर लेन्स बसवण्याच्या जोडणीच्या) दोन-तीन लेन्सेस घेतल्या की पुढच्या सगळ्या बॉडी बहुधा त्याच माउंटच्या घ्याव्या लागतात. म्हणून कॅमेऱ्याच्या दुकानात शिरण्याआधी आपल्याला कोणत्या लेन्सेस हव्या आहेत आणि त्या कोणत्या माउंटवर मिळतात हे ठरवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आरसा काढून टाकल्याने नेमके काय साधले, हे निकॉनच्याच उदाहरणावरून चांगले समजते. १९५९ पासून चालत आलेल्या एफ माउंटमध्ये लेन्स जिथे बसते ती कडा आणि फिल्म किंवा सेन्सर यांतील अंतर ४६.५ मिमी आहे, कारण मध्ये आरसा वर-खाली व्हायला जागा लागते. २०१८ मध्ये आलेल्या झेड माउंटमध्ये हे अंतर १६ मिमी झाले आणि माउंटचा आतील व्यास ४४ मिमीवरून ५५ मिमी झाला. मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ आणि मोठ्या आकाराची ठेवता येऊ लागल्याने, विशेषतः वाइड अँगल लेन्सेसची रचना करणाऱ्यांना मोठी मोकळीक मिळाली, आणि फोटोच्या कोपऱ्यांपर्यंत टिकणारा रेखीवपणा हे तिचे फळ आहे.

परंतु मिररलेस म्हणजे हलका, ही समजूत मात्र तपासून घ्यावी. निकॉनची डीएसएलआरसाठीची ५० मिमी एफ/१.८ जी ही लेन्स १८५ ग्रॅमची आहे, तर झेड माउंटची ५० मिमी एफ/१.८ एस सुमारे ४१५ ग्रॅमची. दुसरी लेन्स पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवरही (प्रकाश आत येण्याच्या छिद्रावरही) कडेपर्यंत स्वच्छ फोटो देते, आणि ते वजन त्यासाठीच वाढलेले आहे. याउलट कॅननची ७०-२०० मिमी एफ/२.८ ही लेन्स मिररलेससाठीच्या आरएफ माउंटवर येताना १,४८० ग्रॅमवरून १,०७० ग्रॅमवर आली. तेव्हा बॉडीच्या वजनावर न जाता, आपण रोज खांद्यावर बाळगणार आहोत त्या लेन्सेससह एकूण वजनाचा हिशेब करावा. हलके सामान हवे असेल तर निकॉनची ४० मिमी एफ/२ ही १७० ग्रॅमची लेन्स मला अतिशय प्रिय आहे.

माझ्या मते खरा फरक पडतो तो फोकसमध्ये. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग सेन्सरपासून वेगळा, आरशाच्या खाली बसवलेला असतो. प्रकाशाचे हे दोन मार्ग किंचित जरी जुळले नाहीत तरी फोकस थोडा पुढे किंवा मागे जातो. मिररलेसमध्ये मोजमाप खुद्द सेन्सरवरच होत असल्याने हा दोष जवळजवळ उरत नाही. फुल-फ्रेमवर ८५ मिमी लेन्स एफ/१.८ ला उघडून दोन मीटरवरील व्यक्तीचा फोटो काढला, तर रेखीव दिसणारा पट्टा सुमारे सहा सेंटिमीटरचाच असतो. डोळा त्यात आला तर कान बाहेर जातो. अशा ठिकाणी चेहरा वळला तरी डोळ्यावर फोकस धरून ठेवणारी यंत्रणा हाताशी असणे फार मोलाचे आहे, आणि मुलांचे फोटो काढताना तर त्याची प्रचिती पदोपदी येते.

आता रंगमंचाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण लेन्स निवडीची खरी परीक्षा तिथेच होते. आपली १८-५५ लेन्स ५५ वर एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ ची लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे ज्या फोटोसाठी झूमवर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ६४०० लागेल, तो प्राइमवर (झूम न होणाऱ्या लेन्सवर) साधारण ६४० ला निघेल. कॅमेऱ्यातील स्थिरीकरणामुळे हे काम भागेल असे पुष्कळांना वाटते. पण स्थिरीकरण आपल्या हाताचे कंपन थोपवते, तबलावादकाच्या बोटांची गती नव्हे. ती बोटे स्पष्ट हवी असतील तर शटर वेगवानच लागते, आणि त्यासाठी प्रकाश लेन्सनेच द्यावा लागतो.

याच ठिकाणी मिररलेसमधील आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर मोहात पाडते. गायिका आलाप घेत असताना शटरचा खटका ऐकू येऊ नये ही भावना योग्यच आहे. तथापि बहुतेक कॅमेरे या पद्धतीत सेन्सर एकेक ओळ करून वाचतात, आणि रंगमंचावरील एलईडी दिवे डोळ्यांना दिसत नाही इतक्या वेगाने लुकलुकत असल्यास फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात. हे पट्टे नंतर संगणकावर काढणे अत्यंत जिकिरीचे असते. म्हणून कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी, दिव्यांची चाचणी चालू असतानाच, दोन-चार फोटो काढून ते पडद्यावर मोठे करून पाहावेत. पट्टे दिसल्यास यांत्रिक शटर वापरावे आणि शक्य तिथे वेगही थोडा उतरवावा. सेन्सर अतिशय जलद वाचणारे कॅमेरे आता आहेत, आणि सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेला ए९ थ्री तर सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचतो, पण हौशी माणसाने त्यासाठी अडून राहू नये.

एफ/२.८ ची मोठी झूम घ्यावी का, असा प्रश्न यापुढे येतोच. माझे स्पष्ट मत असे की हौशी छायाचित्रकाराने एफ/४ ची एक चांगली झूम आणि एफ/१.८ ची एक प्राइम अशी जोडी घ्यावी. दिवसा एफ/४ पुरते, अंधारात एफ/२.८ सुद्धा कमी पडते आणि तिथे प्राइमच उपयोगी येते. लग्नसमारंभाचे काम करणाऱ्यांना लेन्स बदलायला उसंत नसते, त्यांची गोष्ट निराळी.

सेन्सरच्या आकाराबाबत मी आग्रही नाही. लहान सेन्सरवर ५० मिमी लेन्स ७५ मिमीइतके दृश्य दाखवते. एफ/१.८ ला प्रकाशाचे गणित तेच राहते, पण पार्श्वभूमी फुल-फ्रेमवरील एफ/२.७ इतकीच धूसर होते. घरच्या आणि प्रवासाच्या फोटोंना हे भरपूर झाले. फक्त एक ध्यानात असू द्यावे, की आपली १८-५५ ही लहान सेन्सरसाठी बनवलेली आहे. ती २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर लावल्यास हाती सुमारे १० मेगापिक्सेलच उरतात.

आपला,
एक छायाचित्रप्रेमी

---

विषय: उत्तर – मिररलेस कॅमेरा घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

वरील पत्र आवडले, तरी दुसरी बाजूही मांडली जावी असे वाटते. मी अजून डीएसएलआरच वापरतो आणि तो सोडण्याचे कारण मला दिसत नाही. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहायच्या काचेच्या खिडकीतून) मी प्रत्यक्ष प्रकाश पाहतो, छोट्या पडद्यावरचे चित्र नव्हे. दिवसभर भटकंती करून आल्यावरही माझी बॅटरी अर्धी शिल्लक असते; मिररलेसवाले मित्र मात्र दोन-तीन बॅटऱ्या खिशात घेऊन फिरताना दिसतात. शिवाय सेन्सर सारखाच असेल तर फोटोही सारखाच येणार. मग आपल्या भगिनींनी हातचा कॅमेरा का सोडावा? नव्या लेन्सपुरता खर्च केला तर काम भागणार नाही का?

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

---

विषय: उत्तर – मिररलेस कॅमेरा घ्यावा का?

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

बॅटरीचा आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. मिररलेसमध्ये सेन्सर आणि व्ह्यूफाइंडरचा पडदा सतत चालू राहतात, त्यामुळे वीज अधिक लागणारच. जादा बॅटरी ही तिथे चैन नसून गरज आहे. सेन्सर तोच, लेन्स तीच आणि कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) असेल तर दोन्ही फोटोंत फरक ओळखता येणार नाही, हेही खरे.

व्ह्यूफाइंडरबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. आरशातून दिसणारे दृश्य सुंदर असते, पण फोटो उजळ येणार की काळवंडणार हे ते सांगत नाही. काळ्या पडद्यापुढे, एकाच दिव्याच्या झोतात उभी असलेली गायिका हे कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला हमखास फसवणारे दृश्य आहे. तो अंधार पाहून प्रकाश वाढवतो आणि चेहरा पांढराफटक होतो. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये हे बटण दाबण्याआधीच दिसते, आणि चेहऱ्यावरचा तपशील परत दिसेपर्यंत एक्स्पोजर खाली आणता येते. शिकणाऱ्या माणसाला इतका तत्काळ गुरू दुसरा नाही.

नव्या लेन्सपुरताच खर्च करावा, ही आपली सूचना मला विचार करण्यासारखी वाटते. ताई, रंगमंचावर तुमची ५० मिमी एफ/१.८ आधी मनसोक्त वापरून पाहा. लहान सेन्सरवर ती ७५ मिमीसारखी वागत असल्याने पुढच्या रांगांमधून कलाकाराचा कमरेपर्यंतचा फोटो तिने छान मिळतो. तेवढ्याने समाधान झाले तर कॅमेरा बदलण्याची घाई नाही.

निकॉनच्याच मिररलेसकडे जायचे ठरले, तर या लेन्सवरील अक्षरे नीट वाचून घ्यावीत. ती एएफ-एस असेल तर तिच्यात स्वतःची मोटर आहे आणि एफ माउंटची लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर तिचा ऑटोफोकस चालतो. एएफ-डी असेल तर चालत नाही, कारण त्या लेन्सला बॉडीतील मोटर लागते आणि ती ना अ‍ॅडॅप्टरमध्ये आहे, ना झेड बॉडीमध्ये.

वडिलांची जुनी लेन्स मात्र कृपया विकू नये. आरशाची जागा मोकळी झाल्याने साध्या पोकळ नळीसारख्या अ‍ॅडॅप्टरवरही ती बसते, मग बॉडी कोणत्याही कंपनीची असो. व्ह्यूफाइंडरमधील चित्र मोठे करून फोकसचे वलय सावकाश फिरवले की पापण्यांचे केस एकेक करून उमटताना दिसतात. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये ही सोय नाही. फोकस झालेल्या कडा रंगवून दाखवणारी सुविधाही असते, पण उघड्या अ‍ॅपर्चरवर ती थोडी उदार असते, तेव्हा चित्र मोठे करून पाहण्यावरच भर द्यावा. बॉडीत स्थिरीकरण असेल तर मेन्यूमध्ये लेन्सची फोकल लेंग्थ (तिचा मिमीमधला आकडा) आपल्या हाताने भरावी लागते, कारण जुनी लेन्स कॅमेऱ्याला काहीच कळवत नाही.

लेन्स बदलताना कॅमेरा बंद करून त्याचे तोंड खाली धरावे. आरसा नसल्याने अनेक बॉडींमध्ये सेन्सर उघडाच राहतो आणि धूळ थेट त्यावर बसते.

आता तुमच्याकडून एक माहिती हवी आहे. कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत फोकल लेंग्थची नोंद ठेवतो. १८-५५ ने काढलेल्या फोटोंपैकी जास्त फोटो १८ च्या आसपास आहेत की ५५ ला येऊन अडलेले आहेत, हे संगणकावर पाहून कळवावे. ५५ ला अडत असाल तर फुल-फ्रेमवर २४-१२० मिमी एफ/४ ही ६३० ग्रॅमची झूम तुमच्या कामाची आहे. १८ कडे ओढा असेल तर तिचा लांबचा पल्ला विनाकारण वाहावा लागेल, आणि मी वेगळी लेन्स सुचवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक छायाचित्रप्रेमी