वीज कंपनीला प्रोत्साहन का?

पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेत घराच्या छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्याला अनुदान मिळतंच, मग वीज कंपनीला वेगळा पैसा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण तो पैसा कशासाठी आहे, ते बघायला हवं.

योजनेच्या ७५,०२१ कोटींपैकी ४,९५० कोटी वीज वितरण कंपन्यांसाठी आहेत, आणि ते सरसकट वाटायचे नाहीत. आधीच्या छतावरील सौर क्षमतेत वर्षभरात १० टक्क्यांहून जास्त भर पडली, तरच प्रोत्साहन मिळतं. कंपनीला असं प्रोत्साहन देणं मला पटतं. कारण जास्त युनिट जाळणारा, वरच्या दराने बिल भरणारा ग्राहकच सहसा आधी सौरकडे वळतो. त्याच्याच बिलातून गरिबाचा स्वस्त दर सांभाळला जातो. असा ग्राहक कमी होणार असेल, तर कंपनी नेट मीटरची, म्हणजे घेतलेली आणि ग्रिडला परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरची, घाई कशाला करेल?

माझी तक्रार निकषाबद्दल आहे. केवळ किलोवॅट मोजू नयेत. अर्ज आल्यापासून नेट मीटर लागेपर्यंत किती दिवस गेले, तेही मोजावं आणि उशीर झाला तर रक्कम कापावी. ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान असलं, तरी ते यंत्रणा सुरू झाल्यावर खात्यात येतं. तोवर कर्जाचा हप्ता घरातल्यांनाच भरावा लागतो.

आणि सोसायट्यांचं काय? सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, म्हणजे लिफ्ट आणि पंपाचं बिल उतरेल. भाडेकरूच्या स्वतःच्या बिलात मात्र त्याने काहीच फरक पडत नाही.