हजार पानांची कादंबरी कुणी आणि का वाचावी?

पानखूण

आषाढात टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' हातात घेतली आणि परवा, फराळाचे डबे रिकामे होता होता, खाली ठेवली. इंग्रजी अनुवाद, साडेबाराशे पानं. चार महिन्यांत घरच्यांनी तिला उशी, पाट, पाच किलोचं वजन अशी सगळी नावं ठेवून झाली.

माझं म्हणणं असं, की हे सुख दीडशे पानांत मिळत नाही. तिची नायिका नताशा पहिल्यांदा येते ती बाहुली घेऊन धावत आलेली १३ वर्षांची पोर. उपसंहारात १८२० साल उजाडलंय. ती चार लेकरांची आई, अंगानं सुटलेली. बाळाच्या लंगोटावर आज हिरव्याऐवजी पिवळा डाग दिसला, म्हणून हरखून तो लंगोट घेऊन सगळ्यांसमोर येते. मला भरून आलं. नुसतं तेवढंच पान कुणी वाचून दाखवलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. मधल्या काळात मी तिचा पहिला नाच पाहिला होता, तिची फसगत पाहिली होती, जिच्याशी लग्न ठरून मोडलं त्या जखमी अंद्रेईच्या उशाशी बसलेली पाहिली होती. तो लंगोट मला एखाद्या मावसबहिणीच्या घरी पाहिल्यासारखा वाटला.

तुमचं काय मत?

शंभरपानी

मत उलट आहे. चार महिने कुणाहीबरोबर काढले की माया जडतेच, शेजाऱ्याच्या कुत्र्यावरही जडते. त्याचं श्रेय लेखकाला कशाला?

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. १९३९ ची. युरोपातून मुंबईला निघालेली एक बोट, चक्रधर आणि हॅर्टा, हातात मोजके दिवस. युद्ध दाराशी आलंय. एका बैठकीत वाचून होते आणि नंतर आठवडाभर जेवण गोड लागत नाही. त्यात काय कमी आहे ते सांगा.

आणि तुमच्याच पुस्तकातला पुरावा देतो. अंद्रेईला वसंतात वाटेवर म्हातारा ओक वृक्ष दिसतो, पालवी न फुटलेला, आपल्यासारखाच संपलेला. जूनमध्ये परत येताना तोच ओक असा बहरलेला की आधी ओळखू येत नाही. तीन छोट्या प्रकरणांत माणूस बदलून दाखवला. म्हणजे टॉलस्टॉयला थोडक्यात सांगता येत होतं! बाकीची पानं हौसेची.

पानखूण

ओकचं पटलं. पण तो ओक लागतो कारण त्याआधी ऑस्टर्लिट्झच्या लढाईत जखमी होऊन मैदानावर पडून आकाश बघणारा अंद्रेई आपण पाहिलेला असतो, आणि बायकोच्या बाळंतपणातला मृत्यूही. ते काढून टाकलंत तर उरेल ती वनस्पतिशास्त्राची नोंद.

शंभरपानी

बरं. उपसंहाराचा दुसरा भाग? इतिहास कोण घडवतो यावर १२ प्रकरणं. नताशा नाही, तिचा नवरा पियेर नाही, कुणीच नाही. खरं सांगा, वाचलीत?

पानखूण

चाळली.

शंभरपानी

😀 पुढे ऐका. १८७३ च्या आवृत्तीत खुद्द टॉलस्टॉयनेच हे चिंतन कथेतून उचलून मागे परिशिष्टात टाकलं होतं, फ्रेंच संवादही काढून रशियन केले होते. पुढे ते सगळं परत आत आलं. पण लेखकालाच एकदा वाटलं ना, की हे वाटेत येतंय?

जुना बाजार

दोघंही एक गोष्ट विसरताय. या कादंबऱ्या ठोकळा म्हणून जन्मालाच आल्या नाहीत. 'वॉर अँड पीस'चा सुरुवातीचा भाग १८६५ पासून मासिकात येत होता. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. नायिका यमूचं पुढे काय झालं हे कळायला लोक आठवडा थांबत. त्या मधल्या दिवसांत घराघरांत जी चर्चा झाली असेल, ती मला कादंबरीचाच भाग वाटते. (पुरावा नाही, माझी कल्पना.) आज आपण ते सगळं एका पुठ्ठ्यात बांधतो आणि वर पाल्हाळ म्हणून ओरडतो. रोज एक प्रकरण वाचा. दिवा बंद करा. झोपा.

शंभरपानी

हप्ता चालू ठेवायचा म्हणूनच तर पाणी घालतात. टीव्ही मालिका बघा.

वरणभात

मी सहसा लिहीत नाही, पण राहवलं नाही. नेमाड्यांची 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ' २०१० मध्ये आली तेव्हा हौसेनं घेतली आणि दोनशेव्या पानाच्या आसपास सोडली. नायक खंडेराव एक आठवण सांगायला लागतो, त्यातून दुसरी, तिच्यातून तिसरी, मूळ गोष्ट कुठे गेली म्हणून मी वैतागले. सात-आठ वर्षांनी बाबा गेले. तेराव्यापर्यंत गावाकडच्या घरी राहिले. रात्री सगळे नातेवाईक अंगणात बसून हेच करत होते: एकाचं दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात, मध्येच भांडण, मध्येच हसू. परत आल्यावर 'हिंदू' काढली. तीही बापाच्या मरणापाशीच घरी परतलेल्या मुलाची आहे, हे मी पहिल्या वेळी जवळजवळ विसरलेच होते. यावेळी सलग वाचली. कुकरच्या शिट्ट्या मोजत, पण सलग.

मला ती कापून दिली असती तर नको झाली असती. अडगळ हा शब्द तर नावातच आहे.

शंभरपानी

ताई, तुमच्यापुढे वाद घालत नाही. एवढंच म्हणतो, की नावात अडगळ लिहिलं की संपादकाची सुटका होते, ही युक्ती झकास आहे.

रात्रपाळी

साहित्यिक मुद्दे तुम्ही बघा. मला मनगटाचा त्रास. आडवं पडून वाचताना असलं पुस्तक एकदा नाकावर पडलं, तेव्हापासून धसका. शेवटी 'वॉर अँड पीस' बाइंडरकडे नेली, पाठीवर उभी कापून चार भाग करून घेतले, उपसंहार चौथ्याला जोडला. चार वेगळे पुठ्ठे, वर खाकी कागद. आता एक भाग डब्याच्या पिशवीत मावतो. पहिला संपवलाय.

जुना बाजार

पुस्तक कापलं?! हात कसा धजावला?

रात्रपाळी

काका, हप्ते तुम्हीच म्हणालात.

शंभरपानी

हा माणूस मला आवडला. रात्रपाळी, तिसरा भाग पाठवता का? बोरोदिनोची लढाई तेवढी वाचीन म्हणतो.

रात्रपाळी

तिसरा सुटा मिळणार नाही. पहिला मोकळा आहे, तो घेऊन जा.