मधुमालतीची जाळी: ट्रेलिस का जाफरी?

ए-१०२ (गार्डन कमिटी): गुड मॉर्निंग 🙏 गेटजवळच्या मधुमालतीसाठी फॅब्रिकेटरचं कोटेशन आलंय, त्यात "ट्रेलिस २ नग" लिहिलंय. हे काय असतं?

बी-३०४: अहो जाळी हो, वेल चढवायची

ए-१०२: मग जाळी लिहावं ना, मला वाटलं ट्रेलर पाठवतोय

सी-५०१: आम्ही याला जाफरी म्हणायचो. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याला लाकडी पट्ट्या तिरक्या ठोकलेल्या असायच्या, मधे शंकरपाळ्यासारखी भोकं, आत बसलं की रस्ता दिसायचा पण रस्त्यावरच्याला आपण दिसत नव्हतो आणि वारा तर काय विचारू नका.

डी-२०३: त्याला जाफराबादी म्हैस बांधायची का काका 😂

सी-५०१: ती म्हैस गुजरातमधल्या जाफराबादची. हिचा तिचा संबंध नाही.

बी-३०४: मग केशरावरून असेल, जाफरान म्हणजे केशरच ना

ए-४०२: नाही हो ताई. जाफरानचा ज आपल्या "जोर"मधला, जाफरीचा "जय"मधला. मूळ शब्दच वेगळे, देवनागरीत सारखे दिसतात एवढंच. यूल आणि बर्नेलचा हॉब्सन-जॉब्सन कोश आहे ना, इंग्रजांच्या बोलण्यात आलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा, १८८६ चा, त्यात जाफरी दिलाय: बहुतेक बांबूची केलेली जाळी, कुंपणाला नाहीतर वेलींना आधार म्हणून. १८३२ सालचं एक वाक्यही आहे, द्राक्षाच्या फांद्या जाफरीवर सारख्या पसराव्यात म्हणजे सगळीकडे ऊन पोचेल

सी-५०१: म्हणजे आपल्या नाशिकचा द्राक्षाचा मांडवच की

ए-४०२: हो, तेच तत्त्व. आता गंमत अशी की फारसीत जाफरी म्हणजे जाफर नावाच्या कुणा माणसावरून आलेलं, पण त्याचा जाळीशी काय संबंध हे तिथे सांगितलेलंच नाही. म्हणून प्लॅट्स, तोच तो उर्दूचा कोशकार, त्याने सुचवलं की हा शब्द अरबी "जफीर"चा अपभ्रंश असावा, म्हणजे वेणी!

बी-३०४: केसांची वेणी??

ए-४०२: हो हो, केसांचीच. पण त्या जफीरचा ज "जोर"वाला

डी-२०३: मग मगाशी ताईंना का ओरडलात 😜

ए-४०२: ओरडले नाही हो 😄 आणि ज बदलतो की. फारसीत "जमीन"चा ज पण जोरवालाच, आपण मराठीत त्याचा जयवाला केला. तसं इथे झालं असेल. प्लॅट्सचा हा अंदाजच आहे पण मला जाफरभाईंपेक्षा वेणी जास्त पटते, कारण ट्रेलिसचं मूळ बघा, लॅटिन "त्रि" आणि "लिसियम" म्हणजे धागा, तीन धाग्यांनी विणलेलं. फ्रेंचमध्ये हा आधी जाड्याभरड्या कापडाचा शब्द होता, मग जाळीचा झाला. म्हणजे तिकडे विणकाम आणि इकडे वेणी

सी-५०१: तीनपेडी 👌

बी-३०४: माझी बहीण दुबईला असते, ती म्हणते इराणी दुकानात जाफरी मागितली तर पार्सली देतात

ए-४०२: बरोबर आहे तिचं. आणि हिंदीत एका जातीच्या झेंडूला पण जाफरी म्हणतात, म्हणून तर घोळ होतो

ए-१०२: मंडळी, ज्ञान छान आहे पण मला आज मिनिट्स लिहायच्यात. बांबू का लोखंड?

सी-५०१: कामट्या आणि सुतळीवर दोडका चढतो, मधुमालती नाही. तिचं खोड चांगलं जाड होतं, दोन पावसाळ्यात बांबू खाली आणेल. लोखंडीच घ्या, आणि भिंतीपासून चार बोटं सोडून लावायला सांगा नाहीतर मागे पाला साठून ओल धरते.

बी-३०४: +१

डी-२०३: +१ पण कागदावर जाफरीच लिहा, काकांचा मान

ए-१०२: ओके, "लोखंडी जाफरी, २ नग". फॅब्रिकेटरला पण तसंच पाठवते

ए-१०२: त्याचा रिप्लाय आला. "मॅडम जाफरी कोण? फ्लॅट नंबर द्या"