माऊस हूक दुपारपर्यंत गप्प होतो, एरर काहीच नाही (सी शार्प, विंडोज 10)

सांगलीवाला
नमस्कार मंडळी. आत्याला पार्किन्सन्स आहे. हळदीच्या पेढीचा हिशेब अजून तीच बघते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. कीबोर्डचं भागतं, विंडोजमधल्या फिल्टर कीज (चुकून पुन्हा दाबली गेलेली बटणं सोडून देणारी सोय) चालू करून दिल्यात. घोळ माऊसचा आहे. बोट थरथरलं की एकाचे दोन क्लिक होतात आणि नको ते बिल उघडतं. म्हणून छोटा प्रोग्राम लिहिलाय: डब्ल्यूएच_माऊस_एलएल हूक लावायचा (म्हणजे माऊसचा प्रत्येक क्लिक आधी माझ्या प्रोग्रामकडे येतो) आणि 300 मिलिसेकंदांच्या आत दुसरा क्लिक आला तर तो गिळायचा. प्रत्येक क्लिकची वेळ तिथल्या तिथे फाईलमध्ये लिहितो, डॉक्टरांना दाखवता येईल म्हणून.

सकाळी झकास चालतो, दुपारी हूक मेलेला. प्रोग्राम मात्र आपला चालूच. शिवाय हिशेबाचं सॉफ्टवेअर समोर असलं की क्लिक माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. काम तर तिथेच असतं!

बंडूनाना
एवढा खटाटोप कशाला? कंट्रोल पॅनेलमध्ये डबल क्लिकचा वेग वाढवा. मूळ मुदत 500 मिलिसेकंद असते, ती 200 वर आणा. मिटलं.

अनघा_पुणे
नाना, त्याने डबल क्लिक होणार नाही, पण दुसरा क्लिक जायचा तो जाणारच. पहिल्या क्लिकने खिडकी उघडली की दुसरा नेमका तिच्यातल्या बटणावर. पार्किन्सन्सचा कंप सेकंदाला साधारण 4 ते 6 झटक्यांचा, म्हणजे दोन झटक्यांत 170 ते 250 मिलिसेकंद. 300 चा आकडा ठीक आहे.

सांगलीवाले, ते फाईल लिहिणं कॉलबॅकमधून (प्रत्येक क्लिकला विंडोज तुमचं जे फंक्शन बोलावतं त्यातून) काढा. तुमचा कॉलबॅक परतेपर्यंत विंडोज तो क्लिक पुढे सोडत नाही. किती थांबायचं ते रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) लोलेव्हलहुक्सटाइमआउटमध्ये असतं, आणि विंडोज 10 च्या 1709 आवृत्तीपासून ते 1 सेकंदापलीकडे नेता येत नाही. डिस्क अडकली, अँटिव्हायरस फाईल चाळत बसला, की मुदत टळते. विंडोज 7 पासून असा हूक गुपचूप काढून टाकतात आणि प्रोग्रामला ते कळायची सोयच नाही. मॅकवर निदान टॅप (तिथला हूक) बंद केल्याचा निरोप तरी येतो.

कॉलबॅकमध्ये वेळ बघा, निर्णय घ्या, नोंद रांगेत टाका, परत फिरा. लिहायचं काम दुसऱ्या थ्रेडला (प्रोग्राममध्येच समांतर चालणाऱ्या कामाला). हूकलाही स्वतंत्र थ्रेड आणि त्याचा स्वतःचा मेसेज लूप (विंडोजचे निरोप घेत राहणारं चक्र) द्या. कुणीतरी सांगेलच की डेलिगेट (सी शार्पमधला कॉलबॅकचा दुवा) गार्बेज कलेक्टरने (नको असलेली मेमरी साफ करणाऱ्याने) उचलला असेल. पण तसं झालं तर प्रोग्राम कोसळतो, तुमचा चालू आहे.

ते सॉफ्टवेअर बहुतेक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतंय. वरच्या अधिकाराच्या खिडकीतलं इनपुट खालच्या प्रोग्रामच्या हूकला मिळत नाही. मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामला कोणते अधिकार हवेत ते सांगणाऱ्या नोंदीत) यूआयअ‍ॅक्सेस ट्रू करा, पण मग फाईलवर डिजिटल सही हवी आणि ती प्रोग्राम फाइल्ससारख्या सुरक्षित फोल्डरमध्ये हवी. आधी त्याच्या शॉर्टकटवरची अ‍ॅडमिनची खूण काढून बघा. पुष्कळदा ती उगाचच असते.

सांगलीवाला
खूण काढली, सॉफ्टवेअर व्यवस्थित उघडतं, क्लिकही मिळायला लागले. फाईल वेगळ्या थ्रेडवर नेल्यापासून हूक संध्याकाळपर्यंत टिकतोय. आत्याचं म्हणणं, "आता हा माझं ऐकतो. पण मधूनच बिलाची ओळ उचलून भलतीकडे नेऊन ठेवतो."

अनघा_पुणे
बटण दाबलेलं असताना हात हलला की विंडोज त्याला ओढणं समजतं. त्यासाठी 4 पिक्सेल पुरतात. रजिस्ट्रीत कंट्रोल पॅनेल, डेस्कटॉपखाली ड्रॅगविड्थ आणि ड्रॅगहाइट आहेत, ते 20 करून बघा. काही प्रोग्राम तो आकडा जुमानत नाहीत, तिथे इलाज नाही. आणि दाबल्याचा इव्हेंट गिळलात तर त्याच्याच जोडीचा सोडल्याचा इव्हेंटही गिळा, नाहीतर पलीकडच्या प्रोग्रामला न दाबलेलं बटण सुटल्याचं कळतं आणि तो गोंधळतो. त्यासाठी एक बूलियन (हो की नाही एवढंच लक्षात ठेवणारा व्हेरिएबल) पुरे.