डिझेल गाडीसाठी ऑइल फिल्टर निवडताना नेमके काय पाहावे?

मुलुंडकर

नमस्कार. माझ्याकडे 2014 सालची डिझायर आहे, 1.3 लिटर डिझेल इंजिनाची, आणि तिचे आता 92,000 किलोमीटर झाले आहेत. रोज मुलुंडहून अंधेरीला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने जाणे-येणे असते, त्यामुळे गाडी चालते कमी आणि उभी जास्त राहते. वॉरंटी संपल्यापासून सर्व्हिसिंग घराजवळच्या गॅरेजमध्ये करून घेतो. या खेपेस मिस्त्रींनी नेहमीच्या फिल्टरऐवजी जवळजवळ निम्म्या किमतीचा दुसराच फिल्टर बसवला. आठ दिवसांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) काढून पाहिली, तर नवे ऑइल शाईसारखे काळे झालेले होते. हा त्या स्वस्त फिल्टरचा परिणाम समजावा काय? शिवाय सकाळी गाडी पहिल्यांदा सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते, जी पूर्वी येत नसे. दुकानदार मायक्रॉनचे आकडे सांगून गोंधळ आणखी वाढवतात, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुना पाना

काळेपणाचा प्रश्न आधी निकालात काढू या, कारण त्यात फिल्टरचा काहीही दोष नाही. डिझेलच्या ज्वलनातून निघणारी काजळी पिस्टनच्या रिंगांजवळून थोडी थोडी खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते, आणि तिचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, लहान असल्यामुळे कोणत्याही कंपनीच्या फिल्टरच्या कागदातून ते आरपार जातात. ऑइलमधील रसायने ही काजळी साचू न देता तरंगत ठेवतात, म्हणजे ऑइल काळे झाले याचा अर्थ ते आपले काम करीत आहे. त्यातच जुने ऑइल काढले तरी इंजिनाच्या कानाकोपऱ्यांत थोडे उरतेच, आणि तेवढेही नव्याला रंग द्यायला पुरते. पेट्रोल गाडीवरून डिझेलवर आलेला प्रत्येक जण या कारणावरून एकदा तरी मिस्त्रीशी वाद घालतो. मीही घातला आहे.

फिल्टर अडवतो तो धातूचा कीस, कार्बनचे खडे आणि धूळ. मायक्रॉनचा आकडा एकटा सांगितला तर त्याला काही अर्थ नाही. ‘20 मायक्रॉनचा फिल्टर’ म्हणजे त्या आकाराचे निम्मे कण अडवणारा की शंभरातले नव्व्याण्णव अडवणारा, हे कळल्याशिवाय तुलना होत नाही, आणि त्याचसाठी आयएसओ 4548-12 ही चाचणी आहे. दुसरे असे, की कागद बारीक असला पण घड्या कमी असल्या, तर ऑइलला वाट पुरत नाही, दाबातला फरक वाढतो, बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जाते. ही सोय मुद्दाम केलेली असते, कारण मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या टर्बोला (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला) ऑइलच न मिळण्यापेक्षा न गाळलेले मिळालेले बरे. थंड देशांत घट्ट ऑइलामुळे हा व्हॉल्व्ह पहाटे वारंवार उघडतो. मुंबईच्या हवेत मात्र तो उघडत असेल, तर फिल्टर तुंबल्याचा संशय घ्यावा.

खडखडीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. तुमच्या इंजिनात अख्खा डबाच बदलायचा असा डबा फिल्टर नसून झाकणबंद घरात बसणारा कागदी कार्ट्रिज असतो. त्यामुळे डबा फिल्टरची ‘सिलिकॉनचा व्हॉल्व्ह, रात्रभर ऑइल उतरू देत नाही’ ही जाहिरात तुमच्या उपयोगाची नाही. तुमच्याकडे प्रश्न आहे तो कार्ट्रिजची उंची बरोबर आहे का, तो आपल्या जागी घट्ट बसतो का आणि झाकणाचे रबरी रिंग बदलले का, एवढाच. या इंजिनाची टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणून दाब यायला उशीर झाला की पहिला आवाज तिथूनच येतो.

दादर टीटी

वरील उत्तराशी सहमत आहे, पण खोट्या मालाबद्दलही लिहायला हवे. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून ओरिजिनल म्हणूनच फिल्टर घेतला होता. खोके हुबेहूब, होलोग्राम होता, छापील किंमतही होती. पुढच्या सर्व्हिसिंगला तो बाहेर काढला तेव्हा मी मुद्दाम शेजारी उभी राहिले होते: कागदाच्या घड्या एका बाजूला चेपून एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि वरच्या चकतीचा गोंद सुटून कागद व चकती यांच्यात नख जाईल एवढी फट पडली होती. म्हणजे कित्येक महिने ऑइल त्या फटीतूनच फिरत होते आणि फिल्टर नुसता नावाला बसलेला होता.

तेव्हापासून मी फिल्टर अधिकृत वितरकाकडून आणि बिल घेऊनच आणते, मग तो गाडीच्या कंपनीचा असो, नाहीतर मान, माहले, बॉश या फिल्टर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एखादीचा. मात्र गाडीचे नाव सांगून घेऊ नये. पार्ट नंबर जुळवूनच घ्यावा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदललेले असतात. फिल्टरवर वाचणारे पैसे ऑइलच्या कॅनपुढे किरकोळ असतात, त्यामुळे तिथे काटकसर करण्यात मला तरी काही हशील दिसत नाही. बदललेला फिल्टर मिस्त्रींकडून मागून घ्या आणि घड्या पसरून पाहा. चमकणारे कण दिसले, तर फिल्टर निवडण्यापेक्षा मोठा प्रश्न समोर आहे.

पनवेल फेरी

एक हिशेब सर्वांच्याच नजरेतून सुटतो. सरासरी वेग ताशी 50 किलोमीटर असेल, तर 10,000 किलोमीटरला इंजिन 200 तास चालते. पवईच्या गर्दीत तोच वेग ताशी 20 असला, तर तेवढ्याच अंतराला 500 तास होतात. काजळी तासांबरोबर साचते, मीटरवर तिची नोंद होत नाही. मुलुंडकरांनी पुस्तिकेतल्या 10,000 किलोमीटरची वाट न पाहता 7,000 ते 7,500 च्या दरम्यान ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत, असे माझे मत आहे. बीएस 6 (प्रदूषणाचे निकष) डिझेलवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होण्याची क्रिया वरचेवर अर्धवट तुटली, तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवरील पातळी घटण्याऐवजी वाढते. त्यावर कोणत्याही फिल्टरचा उपाय चालत नाही.

मुलुंडकर

सर्वांचे आभार. शनिवारी योग्य पार्ट नंबरचा फिल्टर घेऊन गेलो आणि झाकण माझ्यासमोर उघडायला लावले. काढलेला कार्ट्रिज नव्याच्या शेजारी ठेवला, तर तो तीन-चार मिलिमीटरने बुटका निघाला, म्हणजे आत सैलच बसलेला होता. झाकणावरचे रिंग तर जुनेच होते, चपटे आणि दगडासारखे कडक झालेले. नवे रिंग खोक्यात येत असूनही ते का बसवले नाही, असे विचारले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “चालत होतं, म्हणून ठेवलं.” नव्या रिंगला ऑइलचे बोट लावून झाकण बेताने आवळले. आता सकाळची खडखड जेमतेम एक सेकंद येते. पूर्ण गेलेली नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात टेन्शनर तपासून घेणार आहे.